नाना आचिआचं आसन

मंगळवार, ४ जून

पोहोचले एकदाची! ट्रोट्रोच्या खचाखच गाडीत शेजारणीची कोंबडी सबंध वाट माझ्या पायावर बसून होती, आणि खाली उतरते तर समोर ढोल. बायकांनी गळ्याला पांढरी पावडर फासलेली, पोरं गाडीमागे धावतायत, आणि न्टिममामा ठेवणीतलं केंटेचं वस्त्र खांद्यावर टाकून नवरदेवासारखे पुढे उभे. मला हसू आवरेना. कालपर्यंत मी कुमासीच्या बाजारात बायकांचे केस विणत होते, आता अख्खं अडांक्रोम गाव मला मानाने नाना म्हणणार. राजमाता बिरागो! दुकानातल्या पोरींनी निघताना मला मुजरे करून करून भंडावून सोडलं होतं.

खरं तर माझा नंबर लागायचाच नव्हता. आमच्यात गादी आईच्या रक्ताने चालते. आजीची बहीण नाना आचिआ गेल्या वर्षी वारली आणि त्या रक्ताच्या बायका उरल्या दोनच, सेरवाताई आणि मी. ताईने चर्चचं कारण सांगून हात झटकले. तिसरी माझी न्हिरा, पण ती आठ वर्षांची. सध्या ती ताईकडे आहे, शाळेला सुट्टी लागली की इथे येईल. मामा म्हणाले की पोरीला लवकर बोलाव, तुझ्यानंतर सगळं तिचंच आहे, तिला इथल्या मातीची सवय होऊ दे. मामांना माझ्या लेकीची एवढी काळजी आहे हे पाहून बरं वाटलं.

घर ऐसपैस आहे. मधल्या अंगणात कडुनिंब, खोल्यांना नवा रंग, न्हाणीघरात फरशी आणि नळाला पाणी. माझ्या दिमतीला टाविया नावाची म्हातारी आहे, जन्मभर नाना आचिआची सेवा केलेली. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली की काठीला कापड गुंडाळून पाठवलंय वाटतं कुमासीवाल्यांनी, हिच्या मांड्यांवर आधी मांस चढवा, मग राज्य करायला सांगा. सगळे खो-खो हसले. मीही हसले. म्हातारी आवडली मला.

शुक्रवार, ७ जून

आज माझे केस गेले. राजमातेने केस विणायचे नसतात, गोल कातरून काळे करायचे असतात, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या डोक्यावर येणं वेगळं. टावियाने कोळशाची पूड शियाच्या बियांच्या तुपात कालवली आणि भिंत सारवावी तशी माझ्या टाळूवर थापली. आयुष्यभर लोकांची डोकी घासून स्वच्छ केली आणि माझ्याच नशिबी हे! कानामागून ओघळ येतात, उशी काळी झाली आहे, आणि तुपाला खवट वास आहे. रीत आहे म्हणून गप्प बसले.

मग बसण्या-उठण्याचे धडे. पांढऱ्या स्टुलावर बसताना गुडघे किती उघडायचे, उठल्यावर स्टूल लगेच आडवं कसं करायचं. हे मात्र मला शिकवायला नको. मोकळं स्टूल सरळ ठेवलं तर वाटेने जाणारा कुठलाही आत्मा येऊन बसतो. कुमासीत मी दुकानातली प्लास्टिकची स्टुलंसुद्धा बंद करताना आडवी करायचे आणि पोरी मला हसायच्या.

जेवताना टावियाला नाना आचिआची आठवण आली. शेवटच्या वर्षी म्हणे नाना स्टुलावरून उठायलाच तयार नव्हती. तिथेच जेवायची, तिथेच झोपायची, तिथेच बाकीचं सगळं. मांड्यांना जखमा झाल्या, त्या चिघळल्या, कातडी लाकडाला चिकटली. टाविया पामचं तेल कोमट करून कडेने सोडायची आणि बोटाने हळूहळू सोडवायची. हे सगळं ती हाताने दाखवत होती, रश्शात बुडवलेल्या त्याच हाताने. मरतानाही नाना बसलेलीच होती आणि मरायचं नाही असं म्हणत होती. मी फुफूच्या गोळ्याचा घास खाली ठेवला. टाविया म्हणाली की कुमासीच्या पोटांना काही सोसत नाही.

मंगळवार, ११ जून

आज आसनांच्या खोलीत नेलं. जायच्या आधी टावियाने भर अंगणात खणखणीत आवाजात विचारलं की पाळी होऊन गेली ना, मग अंघोळ केलीस ना. अंगणातल्या पुरुषांनी माना वळवल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

आत खिडकी नाही. आमच्या कुळातल्या साऱ्या थोर बायकांची काळी आसनं ओळीने आडवी ठेवलेली. माणूस गेलं की त्याच्या स्टुलावर काजळी, अंडं, मेंढीचं रक्त आणि चरबी चढवायची, म्हणजे त्याला घर मिळतं. जुनी आसनं सुकून जळक्या भाकरीसारखी झाली आहेत. त्यांचं काही वाटलं नाही, उलट हात जोडावेसे वाटले. पण कडेचं नाना आचिआचं आसन ओलं होतं. वर्ष होत आलं तरी ओलं! दोन्ही बाजूंनी वर वळलेल्या बैठकीच्या खोलगट भागात काळपट-पिवळं काहीतरी साचलं होतं आणि त्यात माश्या रुतून बसल्या होत्या. काही अजून पाय हलवत होत्या. सडक्या अंड्याचा आणि त्याखाली आणखी कसला तरी वास. पू झालेली जखम उघडली की येतो तो. मी पदर नाकाला लावला तर मामांनी डोळे वटारले.

गुरुवारी मला याच आसनावर टेकवणार आहेत. रीत तर मूळ आईच्या आसनावर टेकवायची आहे, ते ओळीत सर्वांत पहिलं आहे. मी विचारलं, तर मामा म्हणाले की सभेने ठरवलंय. टाविया खाली बघत राहिली.

टेकायचं म्हणजे बसायचं नाही. दोघांनी काखेत हात घालून धरायचं, तीनदा खाली न्यायचं, कापड लाकडाला जेमतेम लागलं की वर उचलायचं. भार टाकायचा नाही. काळं आसन मेलेल्यांचं, त्यावर जिवंत माणूस बसत नाही. ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. टाविया मला अंगणात सराव करायला लावते आहे. तीनदाचा तर प्रश्न आहे, नाक दाबून उरकून टाकू.

शुक्रवार, १४ जून

काल गादीवर बसले. खरोखरच बसले, हीच तर तक्रार आहे.

पहिल्यांदा टेकवलं, उचललं. दुसऱ्यांदा टेकवलं, उचललं. तिसऱ्यांदा खाली नेलं आणि न्टिममामांचा हात सुटला. दुसऱ्या बाजूचा म्हातारा एकटा काय धरणार? मी सगळ्या भाराने आसनावर आदळले.

लाकूड लागलं नाही. हे मला लिहून ठेवलंच पाहिजे, नाहीतर उद्या मीच म्हणेन की भास होता. खाली कोमट होतं, मऊ होतं. एखाद्या लठ्ठ बाईच्या उघड्या मांडीवर बसावं तसं ते माझ्या भाराखाली दबलं आणि मग बाजूंनी फुगून मला धरलं. पचकन आवाज झाला. उठवलं तेव्हा सुटतानाही तसाच आवाज आला. ओकारी तोंडापर्यंत आली होती, ती गिळली. राजमाता पहिल्याच दिवशी ओकली असं व्हायला नको.

बाहेर ढोल सुरू झाले. मामा म्हणाले की घामाने हात घसरला गं पोरी, मनावर घेऊ नकोस. पांढऱ्या कापडावर मागे परातीएवढा काळा डाग. कापड टाकून दिलं. डाग कातडीवरही आहे.

रविवार, १६ जून

जात नाही. काळा साबण, लिंबू, राख, शेवटी रॉकेल. जाळीच्या स्पंजने घासून घासून मांड्या सोलवटल्या आणि सोलल्या जागेतूनही तेच काळपट-पिवळं पाझरतंय. बोटाला लागलं की तार सुटते. सकाळी चादर अंगाला चिकटलेली असते, ओढून काढावी लागते. मी, जी दुकानात पोरींची नखं तपासायची, मी! मला माझीच किळस येते आहे. माश्या आता न्हाणीघरापर्यंत मागे येतात.

टावियाला चादर दाखवली. वाटलं नाक मुरडेल. तिने चादर तोंडाला लावली आणि रडू लागली. आनंदाने.

बुधवार, १९ जून

गाव खूश आहे. मी चालते तशी नाना आचिआच चालायची म्हणे, पाय फाकवून, डुलत. अहो, मांड्या एकमेकींना चिकटतात म्हणून तशी चालते मी!

आज हद्दीच्या भांडणाचा निवाडा होता. नाना गेल्यापासून शेजारच्या गावांनी आमची जमीन दाबली आहे, ती जिवंत असताना कुणाची हिंमत नव्हती. मी बोलायला तोंड उघडलं आणि घोगऱ्या आवाजात कुठला ओढा, कुठलं झाड, कुणाचा आजा तिथे काय बोलला, सगळं सांगितलं. मला ह्यातलं काही माहीत नाही. मग समोरच्या माणसाला अशी शिवी दिली की माझे स्वतःचे कान तापले. लोक उभे राहून नाचले. न्टिममामांनी गुडघे टेकले, पण माझ्याकडे बघून नाही. माझ्या मांड्यांकडे बघून.

आणि आज मी कच्ची अंडी प्याले. टोपलीतली सगळी. एकात अर्धवट पिल्लू होतं. तेही.

शनिवार, २२ जून

टावियाला कोंडून विचारलं. तिने लपवलं नाही, तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नाही.

मामांचा हात सुटला नाही, सोडला. मरताना नाना आचिआने त्यांच्याकडून वचन घेतलं होतं की मला लाकडात कोंडून ठेवू नका, मऊ मांडी द्या. रीत अशी नाही, बाकीच्या कुठल्याही आईने असं मागितलं नव्हतं, हे टाविया स्वतःच म्हणाली. पण नानासारखी नानाच. मग म्हातारी माझा गाल कुरवाळत म्हणाली की तू कशाला घाबरतेस गं वेडे, तू नुसती वाटेतली बैठक आहेस. पस्तिशीची बाई नानाला किती वर्षं पुरणार? पोरगी आठ वर्षांची आहे. आडाएच्या सणाला पूर्वजांना जेवू घालतात, त्या दिवशी पोरगी तुझ्या मांडीवर बसली की झालं. तू आसनावर बसलीस तशी.

माझी न्हिरा.

लगेच ताईला फोन लावला. म्हटलं, काय वाटेल ते झालं तरी न्हिराला इकडे आणू नकोस. ताईने मला तेच आणखी एकदा सांगायला लावलं. मग वैतागली. म्हणाली की अगं तुझं चाललंय काय, रोज दुपारी फोन करून पोरीला धाड म्हणून तूच मागे लागतेस, घसा एवढा बसलाय तर औषध घे.

मी एकदाही फोन केलेला नाही.

सोमवार, २४ जून

पळाले होते. सगळे शेतावर गेलेले असताना ट्रोट्रोत जाऊन बसले. ठरवलं होतं की कुमासीला जाऊन न्हिराला घ्यायचं आणि समुद्रापर्यंत थांबायचं नाही.

माणसं नाक धरून सरकू लागली. एकीने ड्रायव्हरला विचारलं की मेलेली बकरी नेतोयस का रे. मी खाली बघितलं. सीटच्या फोममधून ते ठिबकत होतं, चपलांखाली थारोळं झालं होतं. ड्रायव्हरने मला उतरायला सांगितलं तर उठता येईना. ओढलं तेव्हा सीटचं रेक्झिन माझ्याबरोबर सोलून आलं.

तेवढ्यात अख्खं गाव मला न्यायला आलं. मोठी छत्री धरून, ढोल वाजवत. मला खांद्यावर घेतलं. मी मदतीसाठी किंचाळत होते आणि माझ्या तोंडातून सगळ्यांना आशीर्वाद बाहेर पडत होते.

वहीपुरता हात अजून माझा आहे. बोलणं माझं राहिलेलं नाही.

मंगळवार, २५ जून

ताईला मेसेज लिहिला — आणू नकोस. पाठवायच्या आधी मामांनी फोन काढून घेतला. हळुवारपणे. नानाला असल्या खेळण्यांचं काय काम, म्हणाले.

मांड्या बदलल्या आहेत. मध्ये खोल, कडांना वर वळलेल्या. खोलात पाणी साचावं तसं ते साचतं. मी कुशीवर पडून राहते, म्हणजे ओघळून जाईल, म्हणजे कुणाला बसता येणार नाही. टाविया येते आणि सरळ करून बसवते. जाताना बोट बुडवून चाटते.

गुरुवार, २७ जून

एक सुचलंय. एकच.

न्हिराचं नाक माझ्यासारखं. वाळल्या माशांच्या गल्लीत ती पाय टाकत नाही, मला वळसा घालायला लावते. माझ्या हाताला कांद्याचा वास आला तरी म्हणते, आई, आधी हात धू, मग जवळ घे.

तर धुवायचं नाही. अंघोळ बंद. काल खाल्लं ते पोटातून वर आलं, पुसलं नाही. माश्या हाकलत नाही. डोळ्यांच्या कडेला बसतात, बसू देत. अळ्या झाल्यात खोलात, पांढऱ्या. होऊ देत. सडायचं, इतकं सडायचं की पोरीने दारातूनच ओकत मागे पळावं. माझी लेक मला किळसून जन्मभर तोंड बघणार नाही. नको बघू दे.

शनिवार, २९ जून

उद्या आडाए. मेंढी बांधली आहे अंगणात. एतोच्या नैवेद्यासाठी यामचे कंद कुटतायत, अंडी उकडतायत. वास आला की माझ्या आतली लाळ गाळते — माझी नाही —

माझा वास मलाच सोसत नाही आता. वेणी घालायला आलेल्या बाईकडे बघावं तशी मी स्वतःकडे बघते आणि म्हणते, शी, ही कोण घाणेरडी. बरं वाटतं. अजून मला शी म्हणता येतंय.

टाविया पाणी घेऊन आली होती. चावले तिला. गेली.

रविवार

ढोल. खिडक्या लावल्यात. अंधार.

ताईचा आवाज अंगणात. आली. घेऊन आली.

ताई बाहेरच थांबली, वासाने. मामांना विचारतेय, हे काय, आत काय मेलंय. भांडतेय. शाबास ताई, ने तिला — ने —

दार उघडलं. न्हिरा.

दोन्ही हातांनी नाक धरलं तिने. वाकली. ओकली, उंबऱ्यावरच. देवा, ओकली! माझं सोनं, अशीच, मागे फीर, पळ.

वही उचलून धरली, जा असं मोठं लिहून. म्हणते, आई, अंधारात दिसत नाही गं.

तोंड उघडलं तर आतली नाना हाक मारेल. दात आवळलेत. जीभ चावलीय.

रडतेय. मागे गेली — गेली —

नाही. परत आली. फ्रॉकच्या टोकाने माझं तोंड पुसतेय. माश्या हाकलतेय. म्हणते, तुला बरं नाही का, मावशी उगाच करते, मला काही वास येत नाहीये, खरंच.

खोटं बोलतेय. नाकाने श्वास घेत नाहीये. तोंडाने घेतेय, मला कळू नये म्हणून, हळूच —

न्हिरा, नको. शी म्हण. एकदा शी म्हण मला. नको, पाठ नको वळवू, इकडे नको, ही मांडी आईची नाही, ही